शिडी-हॉइस्ट: तिरकं ओढल्याने भार जातो कुठे?

शिडी-हॉइस्ट म्हणजे कललेल्या शिडीवरून दोराने ट्रॉली ओढून विटा, फरशा, कौलं वर चढवणारं यंत्र. त्याच्याबद्दल एक समज पक्का आहे: ओझं उतारावरून चढतं, म्हणून शिडी जितकी कललेली तितकं काम हलकं. उतरणीचा शाळेतला नियम खोटा नाही, पण इथे तो अर्धाच लावला जातो.

ट्रॉलीसह 200 किलो ओझं घ्या. शिडी जमिनीशी 70 अंशांत असेल तर दोरावर 200 × साइन 70, म्हणजे 188 किलोचा ताण येतो. वाचले जेमतेम 12 किलो. वजनाचा दुसरा घटक, 200 × कोसाइन 70 म्हणजे 68 किलो, शिडीला काटकोनात दाबून वाकवतो. शिडी 60 अंशांवर आणली की दोराचा ताण 173 वर उतरतो, पण वाकवणारं बल 100 किलो होतं. शिवाय तेवढीच उंची गाठायला शिडी लांब लागते. 10 मीटरच्या शिडीला मधोमध एक टेकू दिला, तर झोळ (शिडीचं खाली वाकणं) आधीच्या एक-अष्टमांशाहूनही कमी उरतो. टेकू टाळणं ही सगळ्यात महाग काटकसर.

याहून सुंदर हिशोब माथ्यावरच्या कप्पीचा. दोर खालच्या विंचपासून (दोर ड्रमवर गुंडाळणारं मोटरचं यंत्र) कप्पीपर्यंत वर जातो आणि वळून ट्रॉलीला येतो. दोन्ही पदर कप्पीला 188 किलोने खाली ओढतात. म्हणजे 200 किलोच्या ओझ्यासाठी शिडी लांबीच्या दिशेत 376 किलोने दाबली जाते! जमिनीला हे जाणवत नाही, कारण विंच शिडीच्याच पायाला बसवलेला असतो आणि एक पदर त्या पायाला वर खेचतो. पण वाकलेली शिडी अशा दाबाखाली आणखी वाकते. जाहिरातीतला ‘क्षमता 200 किलो’ हा ठळक आकडा म्हणूनच पुरेसा नाही. कोणत्या लांबीला, कोणत्या कोनात, किती टेकूंवर, हे यंत्राच्या क्षमता-तक्त्यात पाहायलाच हवं.

उतरवताना ट्रॉलीचं चाक शिडीच्या जोडावर अडलं आणि विंच दोर सोडतच राहिला, तर दोर सैल पडतो. चाक सुटताच ट्रॉली मोकळी घसरते आणि झटक्याचा ताण ओझ्याच्या कितीतरी पट होतो. त्यासाठी सैल दोर ओळखून मोटर थांबवणारा स्विच असतो. तो तारेने बांधून निकामी करू नये. विटा मधोमध रचाव्यात, एकाच बाजूला भरल्या तर शिडी पिळली जाते. माणसाने ट्रॉलीत बसायचं नाही, शिडीखाली उभंही राहायचं नाही.

रोज आधी रिकामी ट्रॉली पूर्ण वर-खाली फिरवून जोड, वरचा लिमिट स्विच (ट्रॉली टोकाला पोचताच मोटर थांबवणारा) आणि ब्रेक तपासावा. ट्रॉली तळाशी असताना विंचच्या ड्रमवर दोराचे किमान 2-3 वेढे उरलेच पाहिजेत: भार पेलतं ते या वेढ्यांचं घर्षण, दोराच्या टोकाचा क्लॅम्प नव्हे.