आरंभीच्या रोमन साम्राज्यातील कांस्य नाणी

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने इ.स.पू. २३ च्या सुमारास चलनाची नवी घडी बसवली आणि रोमच्या बाजाराला पुन्हा पुरेशी चिल्लर मिळू लागली. त्याआधी काही दशके रोमच्या टांकसाळीत हलक्या किमतीची नाणी जवळजवळ पाडलीच जात नव्हती. लोक जुनी, झिजलेली नाणी वापरत, कधी ती मधोमध तोडूनही चालवत.

या नाण्यांना सरसकट ‘कांस्य’ म्हणतात, पण नव्या घडीत सेस्टर्शियस व दुपाँडियस पितळेचे, तर आस व क्वाड्रान्स तांब्याचे होते. पितळ करण्यासाठी तांबे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवत. चांदीच्या एका डिनेरियसचे ४ सेस्टर्शियस, ८ दुपाँडियस, १६ आस किंवा ६४ क्वाड्रान्स होत. दुपाँडियस आणि आस आकाराने जवळपास सारखे. नवे असताना पिवळ्या-तांबड्या रंगावरून ते ओळखू येत, काळे पडले की घोटाळा होई. नीरोच्या काळापासून दुपाँडियसवरील सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट दिसू लागतो.

बहुतेक नाण्यांवर ‘एस. सी.’, म्हणजे ‘सिनेटच्या (रोममधील उमरावांच्या सभेच्या) ठरावाने’, ही अक्षरे आहेत. त्यांच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. खरी सत्ता सम्राटाकडे होती हे पाहता, ती सिनेटला दिलेल्या मानाची खूण मानणे अधिक योग्य वाटते.

सामान्य रोमन माणसाचा रोजचा हिशेब याच नाण्यांत चाले. पाँपेईतील एका मद्यालयाच्या भिंतीवर एका आसला साधी दारू, दोनला चांगली आणि चार आसला फालेर्नियन ही उंची दारू, असा भाव लिहिलेला आहे. इ.स. १४ मध्ये बंड केलेल्या सैनिकांची तक्रार होती की दिवसाला दहा आस एवढीच आपल्या जिवाची किंमत. रोमन इतिहासकार टॅसिटसने ती नोंदवली आहे.

सुमारे २५ ग्रॅम वजनाच्या रुंद सेस्टर्शियसवर कोरणाऱ्याला ऐसपैस जागा मिळे. कॅलिग्युलाच्या तीन बहिणी, नीरोचे ऑस्तिया बंदर, व्हेस्पेझियनचा ज्यूडियाविजय आणि टायटसचे कोलोसियम ही त्यावरची चित्रे आजही थक्क करतात.

व्यापारातून भारतात आली ती मुख्यतः सोन्या-चांदीची नाणी; ही चिल्लर बहुधा जिथे खर्च होई त्याच मुलखात राही. पुरातत्त्वज्ञांना ती म्हणूनच मोलाची वाटते. जर्मनीत काल्क्रीजे येथे सापडलेल्या काही आसांवर सेनापती व्हारसच्या नावाचा ‘व्हार’ हा छाप नंतर ठोकलेला आहे. इ.स. ९ मध्ये त्याची तीन लीजने (रोमन सैन्याची मोठी पथके) जिथे कापली गेली ते रणांगण हेच, असे मानण्याचा तो एक मुख्य आधार आहे.