शंभराला किती बांगडे?

फोंड्याच्या बाजाराला निघताना मावशी पिशवी झटकते आणि उंबऱ्यावरच अंदाज सांगून टाकते, "आज शंभराला आठ बांगडे." परत येते ती सहा घेऊन. दुसऱ्या दिवशी तिचा अंदाज सात असतो. सहा का नाही? आणि आठच का राहिला नाही? कालच्या एका चुकीपायी आपलं मत किती बदलायचं, हा प्रश्न मावशी रोज सोडवते आणि न्यूरल नेटवर्कलाही, म्हणजे उदाहरणं पाहून अंदाज बांधायला शिकणाऱ्या संगणकाच्या रचनेलाही, तोच सोडवावा लागतो.

तो सोडवण्याच्या एका पद्धतीचं नाव 'ऑनलाइन ग्रेडियंट डिसेंट'. इथल्या 'ऑनलाइन'चा इंटरनेटशी काही संबंध नाही. उदाहरणं एकेक करून येतात. आलेल्या उदाहरणावरून लगेच शिकायचं आणि पुढच्याकडे वळायचं, एवढाच त्याचा अर्थ. नेटवर्क म्हणजे हजारो, लाखो आकडे. त्यांना 'भार' म्हणतात. प्रत्येक भार किंचित हलवला तर चूक किती वाढेल किंवा घटेल याचं गणित म्हणजे ग्रेडियंट, म्हणजेच चुकीचा उतार. त्या उतारावरून खाली एक छोटं पाऊल टाकायचं. उतरण्याची ही युक्ती फ्रेंच गणिती कोशी यांनी १८४७ सालीच मांडली होती.

सगळी उदाहरणं पाहून मगच पाऊल टाकायचं असंही करता येतं. हस्तलिखित अंकांच्या प्रसिद्ध 'एमनिस्ट' संचात शिकवण्यासाठी ६०,००० चित्रं आहेत. ती सगळी चाळल्यावर एक पाऊल पडणार. ऑनलाइन पद्धतीत तेवढ्याच वेळात ६०,००० पावलं पडतात. ती सरळ पडत नाहीत, झिंगल्यासारखी पडतात, कारण एका चित्राचं मत म्हणजे सगळ्यांचं मत नव्हे. पण सरासरीने दिशा बरोबर असते. व्यवहारात बहुधा मधला मार्ग घेतात. ३२ किंवा ६४ उदाहरणांचा एक वाटा करतात आणि वाट्यामागे एक पाऊल टाकतात. मासळीबाजारात वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

१९६० साली स्टॅनफर्डमध्ये विड्रो आणि हॉफ यांनी हे 'अ‍ॅडलाइन' या यंत्रावर करून दाखवलं. त्याच्या एका रूपात भार म्हणजे चक्क फिरवायच्या खुंट्या होत्या. एक आकृती दाखवायची, काट्यावर चूक वाचायची, खुंट्या जरा पिळायच्या, पुढची आकृती. (यातलेच हॉफ पुढे इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांपैकी एक झाले.) बरेच थर असलेल्या नेटवर्कमध्ये कुठली खुंटी किती पिळायची, म्हणजे चुकीचा दोष कोणाच्या पदरी किती घालायचा, याची 'बॅकप्रोपगेशन' ही रीत १९८६ च्या रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या शोधनिबंधानंतर सर्वत्र रुळली.

पाऊल केवढं टाकायचं, खरी गोम इथे आहे. मावशीला एकाच आकड्याचं नेटवर्क समजू. नियम सोपा: नवा अंदाज म्हणजे जुना अंदाज, अधिक चुकीचा काही हिस्सा. १९५१ साली रॉबिन्स आणि मनरो यांनी दाखवलं, की हा हिस्सा बेताने लहान करत नेला, म्हणजे पहिल्या दिवशी पूर्ण, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक तृतीयांश, तर अंदाज योग्य जागी स्थिरावतो. आपल्या उदाहरणात ही चक्क आजवरची सरासरीच होते.

आता १ जून येतो. गोव्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस बंद. समजा आधीचे ३०० दिवस शंभराला दहा बांगडे मिळत होते आणि आता पाचच मिळतात. सरासरीवाली मावशी पहिल्या दिवशी आपला अंदाज बांगड्याच्या साठाव्या भागाने कमी करील. शेपटीचा तुकडाही नाही! बंदी संपली तरी ती नवाच्या वरच अडकलेली असेल. याउलट चुकीचा हिस्सा कायम एक दशांश ठेवणारी मावशी आठवड्याभरात साडेसाताच्या खाली येते आणि जुलै सरता सरता पाचावर. रॉबिन्स-मनरोंचं गणित चुकलेलं नाही. त्यांनी शोधलेलं उत्तर जागचं हलत नव्हतं, बाजार हलतो. म्हणून जिथे जग बदलत असतं, तिथे पाऊल शून्याकडे नेऊन चालत नाही, असं माझं मत आहे, थोडी थरथर सोसावी लागली तरी.

पण या चपळ मावशीचं दुखणं वेगळं. १ ऑगस्टला ट्रॉलर पुन्हा समुद्रात जातात, मालिमच्या धक्क्यावर मासळी उतरू लागते, आणि हिच्या डोक्यात 'दहा'चा मागमूस नसतो. यावर 'आज बंदी आहे का' हा एक वेगळा भार द्यावा, असं कोणीही सुचवील, आणि ते बरोबरच आहे. मात्र मोठ्या नेटवर्कमध्ये तेच भार अनेक गोष्टींसाठी राबत असतात. सलग दोन महिने एकाच प्रकारची उदाहरणं आली, की ते सगळेच तिकडे ओढले जातात. १९८९ साली मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी एका नेटवर्कला आधी एकाच्या बेरजा (१ + ४, १ + ७ अशा) शिकवल्या, मग दोनाच्या. दोनाच्या येऊ लागल्या तशा एकाच्या पुसल्या गेल्या.

उपाय घरगुती आहे: नव्या उदाहरणांत जुनी मिसळत राहायची. व्हिडिओ गेम खेळायला शिकलेल्या, गूगलच्या डीपमाइंड या कंपनीच्या नेटवर्कने, ज्याचं वर्णन २०१५ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलं, खेळातले अलीकडचे दहा लाख क्षण जपून ठेवले होते आणि शिकताना त्यातून चिठ्ठ्या काढल्यासारखे कुठलेही उचलले. साठा भरला, की नव्याला जागा करण्यासाठी सर्वांत जुना क्षण बाहेर जाई.

मावशीचा अंदाज १ ऑगस्टला एका सकाळीत वर चढतो. तिच्या साठ्यात मागच्या चाळीस वर्षांचे ऑगस्ट आहेत.