पिंप धुतलं, पण भिंतीचं काय?

शेजारच्या काकूंनी गेल्या उन्हाळ्यात भंगारवाल्याकडून 200 लिटरचं निळं पिंप आणलं. पाणी दिवसाआड येतं, म्हणून साठवणीला. झाकण उघडलं तर आत गुलाबाचा घमघमाट! अगरबत्तीच्या सुगंधी तेलाचं पिंप असावं. काकूंनी साबण लावला, सोडा लावला, कुठल्याशा व्हिडिओत पाहून लिंबू-मीठ चोळलं, रात्रभर कडुनिंबाचा पाला भिजत घातला. सकाळी गुलाब पुन्हा हजर. "अरे, तू शास्त्र शिकलायस ना? हे मेलं धुवायचं तरी किती?"

धुऊन उपयोग नव्हता. वास भिंतीवर नव्हताच, भिंतीच्या आत होता.

ही निळी पिंपं एचडीपीईची, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिइथिलीनची असतात (बुडाशी त्रिकोणात 2 हा आकडा दिसेल). पॉलिइथिलीन म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. मेणाचंच थोरलं भावंड. पिंपाच्या भिंतीत यातल्या साधारण 60 ते 80 टक्के साखळ्या साडीच्या निऱ्यांसारख्या घट्ट घड्या घालून बसलेल्या असतात. तिथे बाहेरच्या रेणूला शिरकाव नाही. पण निऱ्यांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये उरलेल्या साखळ्यांचा नुसता गुंतवळ असतो. साखळ्या सारख्या हलत असतात, क्षणभर फट पडते आणि तेलकट जातीचा एखादा रेणू त्यात सरकतो. मग पुढची फट, मग त्यापुढची. मेणाला तेल आपलं वाटतं, पाणी परकं. डब्यातल्या भाजीची हळद प्लास्टिकला धरून बसते, ती याच नात्यामुळे.

आता थोडं गणित. नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. रेणूंच्या अशा भटकण्याला विसरण म्हणतात आणि त्याचा वेग विसरणांकावरून कळतो. पॉलिइथिलीनमध्ये सुगंधी किंवा द्रावक रेणूंसाठी तो ढोबळमानाने सेकंदाला 10⁻¹² चौरस मीटर धरू. कापलेलं अंतर हे विसरणांक गुणिले वेळ याच्या वर्गमुळाइतकं. दहा मिनिटं घासलं, म्हणजे 600 सेकंद. उत्तर येतं मिलिमीटरचा जेमतेम चाळिसावा भाग, वहीच्या कागदाच्या जाडीच्या पावपट. एक मिलिमीटर आतला रेणू बाहेर यायला सुमारे 12 दिवस लागतात, दोन मिलिमीटरवरच्याला 48, कारण अंतर दुप्पट की वेळ चौपट. पिंपात ते तेल महिनोन्‌महिने मुरलेलं, आणि आपण त्याला लिंबू चोळतोय!

यातून एक गंमत निघते. कॉस्टिक सोड्याचं पिंप ऐकूनच अंगावर काटा येतो, पण सोडा पाण्याच्या गोतातला, तो पॉलिइथिलीनमध्ये मुरत नाही. अत्तराचं पिंप साळसूद दिसतं आणि सोडत नाही. (म्हणून कॉस्टिकच्या पिंपात पिण्याचं पाणी भरा, असं मी म्हणत नाहीये. त्यात आणखी काय काय होतं, कोण सांगणार?) विचारायचं ते हेच: पूर्वी यात काय होतं? लिक्विड ग्लुकोज (साखरेच्या पाकासारखं, तेही पाण्याच्या गोतातलं) असेल तर बहुतेक काम सोपं. 'फूड ग्रेड आहे हो' या विक्रेत्याच्या मंत्रावर विसंबू नये. तो शिक्का प्लास्टिकच्या जन्माचा दाखला. पुढे पिंप कुणाच्या संगतीत राहिलं, ते त्यात लिहिलेलं नसतं.

वास नाही म्हणजे सुरक्षित, असंही नाही. कीटकनाशकाचं पिंप तर घरात आणूच नये. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार अशी रिकामी भांडी फोडून वस्तीपासून दूर पुरायची असतात. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं माध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलं दगावली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं आणि संशय गेला तो तेलाच्या डब्यावर, की पूर्वी त्यात कीटकनाशक असावं.

लोखंडी पिंपाचं तंत्र वेगळं. ते काही शोषत नाही, पण 'रिकामं' पिंप गॅस कटरने कापू नका. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्का झाली तरी ती भडकते, आणि 200 लिटरच्या पिंपात तेवढी वाफ व्हायला दोन-तीन चहाचे चमचे पेट्रोल पुरतं.

आणि पिंप कसलंही असो, पाणी साठवणार असाल तर आठवड्यातून एकदा रिकामं करून पाण्याच्या रेषेच्या जरा वर आतून काथ्याने घासा. डेंग्यूचा एडीस डास तिथे काळ्या कणांसारखी अंडी चिकटवतो. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात.

काकूंच्या पिंपात आता फाटकाजवळ बांधकामाची वाळू भरलेली आहे. मेथी लावायचा त्यांचा बेत मी हाणून पाडला. एप्रिलच्या दुपारी पिंप तापलं की तिथून जाताना अजून गुलाब येतो.