डिकीतली स्टेपनी: ठेवायची की काढायची?

एप्रिल उजाडला की हातखंब्याच्या तिठ्यावर आमच्या टायरच्या दुकानासमोर थांबणाऱ्या गाड्यांमध्ये एक गोष्ट वरचेवर दिसते. डिकी आंब्याच्या पेट्यांनी भरलेली, आणि स्टेपनी घरी पडवीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दोन पेट्या जास्त बसतात, आणि पंक्चरवाले काय, कुठेही मिळतात." तिठ्यावर उभं राहून बोललं तर ते खरंच आहे. पण पेट्या निघालेल्या असतात कोल्हापूरला. साखरपा मागे पडला की आंबा घाट लागतो. तिथे वळणावर टायर बसला तर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि अंधार पडल्यावर मदतीला कोण थांबेल याचाही भरवसा नाही.

म्हणून विचारणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही एकच सांगतो. कोकणात गाडी चालवत असाल तर स्टेपनी सोबत ठेवा. गाडी फक्त रत्नागिरी शहरात, मारुती मंदिर ते बसस्टँड एवढीच फिरत असेल तर एक वेळ नसली तरी चालेल. घाट चढणाऱ्याने, आडवाटेच्या वाडीत जाणाऱ्याने किंवा खाडीपलीकडे जाण्यासाठी जेटी गाठणाऱ्याने मात्र ती घरी ठेवू नये.

आपल्या रस्त्यांवर टायर कशाने जातो

खिळ्याने होणारं पंक्चर ही किरकोळ गोष्ट आहे. टायर ट्यूबलेस असेल तर हवा हळूहळू जाते आणि दुकान गाठता येतं. आपल्याकडे खरं नुकसान होतं ते रस्त्याच्या कडेला. गावातला रस्ता एका गाडीपुरता असतो, समोरून एसटी येते, आपण डावं चाक खाली घेतो. पावसाने साइडपट्टी धुऊन नेलेली असते, त्यामुळे डांबराची कड सुरीसारखी उघडी पडलेली असते. त्यात कुठे जांभ्याचा चिरा नाहीतर कातळाची धार वर आलेली असते. चाक परत वर घेताना टायरची बाजू त्यावर घासते आणि चिरते.

टायरच्या तळाला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाला, आतून पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजूला ते नसतात. ती बाजू पातळ असते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकत असते, म्हणून तिथे मारलेला पॅच टिकत नाही. साइडवॉल कापलेला टायर आम्ही दुरुस्त करून देत नाही. कितीही आग्रह झाला तरी नाही, कारण उद्या घाट उतरताना तोच टायर फुटू शकतो. अशा वेळी दुसरं चाक डिकीत आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

"कंपनीनेच स्टेपनी दिली नाही"

हे आता खूप जण सांगतात, आणि त्यात कंपनीने नियम मोडलेला नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी टीपीएमएस यंत्रणा आणि पंक्चर किट या तिन्ही गोष्टी दिल्या तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत स्टेपनी बंधनकारक नाही. बॅटरीसाठी किंवा सीएनजीच्या टाकीसाठी जागा लागते, वजनही वाचतं, म्हणून अनेक नव्या गाड्या किटवरच येतात.

किट वाईट नाही, फक्त त्याची मर्यादा माहीत हवी. त्यातला द्रव टायरमध्ये सोडला की तळाचं लहान भोक आतून बुजतं. साधारण सहा मिलिमीटरपर्यंतचा खिळा त्याच्या आवाक्यात आहे. बाजूच्या चिरेवर, फुटलेल्या टायरवर किंवा खड्ड्यात वाकलेल्या रिमवर त्याचा काही उपयोग नाही. बाटलीवर मुदतीची तारीख असते आणि ती कोणी बघत नाही. आजच बघा. द्रव भरल्यावर ताशी ८० किलोमीटरच्या आत गाडी चालवून सरळ दुकान गाठायचं आणि आत द्रव भरला आहे हे टायर खोलण्याआधी सांगायचं, म्हणजे टायर आणि सेन्सर नीट धुता येतो.

अशा गाडीसाठी वेगळी स्टेपनी घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण शेजाऱ्याच्या गाडीची उसनी आणून चालणार नाही. नटांची संख्या, दोन नटांमधलं अंतर, मधल्या भोकाचा व्यास आणि चाकाची एकूण उंची जुळावी लागते, शिवाय चाक ब्रेकला घासता कामा नये. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड असते, त्यामुळे टायरची वजन पेलण्याची क्षमताही बघावी लागते. गाडी घेऊन या, आम्ही चाक लावून बघू आणि मगच देऊ. ते डिकीत पट्ट्याने घट्ट बांधा. मागच्या सीटवर सुटं ठेवू नका. जोरात ब्रेक लागला तर दहा-पंधरा किलोचं चाक माणसांवर येतं.

स्टेपनी आहे, पण वेळेला चालेल का?

स्टेपनी हा शब्द आला वेल्समधून. तिथल्या लनेथ्ली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाकाचा धंदा सुरू केला. आरे नसलेली, टायर चढवलेली रिम पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून जोडायची, अशी ती युक्ती होती. रस्त्याचं नाव आपल्या भाषेत राहिलं. जादा चाकाकडे लक्ष द्यायला मात्र आपण विसरलो.

दुकानात येणाऱ्या कितीतरी स्टेपन्यांत निम्मीसुद्धा हवा नसते. वापर झाला नाही तरी हवा थोडी थोडी जातच असते. महिन्यातून एकदा चार टायरांबरोबर पाचव्याचीही हवा बघायला सांगा, आणि दोन-तीन पीएसआय जास्तच भरून ठेवा. लहान, बारीक 'तात्पुरती' स्टेपनी असेल तर तिचा दाब वेगळा आणि बराच जास्त असतो. तो तिच्यावरच लिहिलेला असतो.

समुद्राच्या हवेचं तर विचारूच नका. हर्णै, जयगड, मिरकरवाडा अशा बंदरांजवळ राहणाऱ्यांच्या लोखंडी रिमला आणि नटांना दोन-तीन पावसाळ्यांत गंज धरतो. काही मोठ्या गाड्यांची स्टेपनी खाली, तारेच्या दोरावर लटकलेली असते. तिथे चिखल आणि खारं पाणी सतत उडतं. दोर गुंडाळणारा स्क्रू जाम झाला की स्टेपनी डोळ्यांना दिसते, पण हाताला येत नाही. पावसाळा संपला की ती एकदा पूर्ण खाली उतरवून धुवून, सुकवून, यंत्राला ग्रीस लावून परत चढवा.

टायरचं वयही बघा. बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२१९ असेल तर टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यातला. एकदाही न वापरलेली स्टेपनीसुद्धा आत म्हातारी होते, रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात. दहा वर्षं झालेला टायर, दिसायला कितीही नवा असला तरी, आम्ही चढवत नाही.

चाक बदलताना

घाटात वळणावर थांबू नका. टायर वाया गेला तरी चालेल, पण हळूहळू रुंद, सपाट जागेपर्यंत या. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, त्रिकोण मागे बऱ्यापैकी लांब ठेवा. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा सैल करायचे आणि मगच जॅक लावायचा. पावसात आपली लाल माती जॅक गिळते, म्हणून वीतभर रुंद, जाड फळीचा तुकडा डिकीत कायम असू द्या. नट आवळताना एकानंतर समोरचा, असं करत जा, आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्या.

स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असेल तर ती पुढे लावू नका. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढची चाकं ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा भारही तीच घेतात. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि लहान स्टेपनी मागे लावा. काम दुप्पट होतं, पण ओल्या घाटात गाडी हातात राहते. तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा छापलेली असेल तर ती पाळा.

अलॉय चाकांना चोरी टाळायला लॉकचा नट बसवला असेल तर त्याची चावी गाडीतच ठेवा. घरच्या कपाटात राहिलेल्या चावीमुळे अडकलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. आणि एकदा तरी घरच्या खळ्यात, उजेडी, सवडीने चाक काढून परत लावून बघा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने, मुलीनेही आणि सुनेनेही.

गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना एक विनंती. सामान भरण्याआधी जॅक, पाना आणि टॉर्च स्टेपनीच्या कप्प्यातून काढून पुढच्या सीटखाली ठेवा. स्टेपनीसाठी डिकी उपसावी लागली, तर निदान बाकीची हत्यारं शोधत पावसात उभं राहावं लागणार नाही.

आमच्याकडे स्टेपनीची हवा, वय, नट आणि जॅक तपासून देण्याचे पैसे घेत नाही. दहा मिनिटांचं काम आहे. येताना फक्त डिकी रिकामी करून या.