राणीच्या बागेतले पेंग्विन आणि वंशावळीचं गणित

भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विनचं पिल्लू जन्मलं की मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्याचा फोटो येतो, नाव येतं आणि खाली हमखास एक ओळ असते: पेंग्विनची संख्या आता इतकी झाली. जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन इथे आणले गेले. तेव्हापासून हा आकडा वाढत वाढत विशीच्या आसपास पोचला आहे. त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं जातं की बघा, संकटात सापडलेल्या प्रजातीचं संवर्धन मुंबईत होतंय. हा दावा खरा की खोटा हे ठरवायला भावना लागत नाहीत, राजकारणही लागत नाही. त्यासाठी एक फार सुंदर गणित आहे आणि शाळेतले अपूर्णांक येत असतील तर ते कुणालाही जमतं.

त्याआधी पेंग्विनवरच्या टीकेतला एक गैरसमज बाजूला काढू. 'बर्फातला पक्षी मुंबईच्या उकाड्यात आणला' असं आजही सर्रास म्हटलं जातं. हम्बोल्ट पेंग्विनने बर्फ पाहिलेलाच नसतो. तो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतो आणि त्या किनाऱ्याला लागून जगातलं एक अत्यंत कोरडं वाळवंट पसरलेलं आहे. तिथे उन्हाचा ताप असतो, पण समुद्राचं पाणी थंड असतं, कारण हम्बोल्ट प्रवाह खोल समुद्रातलं गार, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर आणतो. त्या पाण्यावर अँकोव्ही मासे पोसले जातात आणि त्या माशांवर पेंग्विन. या पक्ष्याच्या चोचीच्या बुडाशी पिसं नसलेली गुलाबी कातडी असते, तिच्यातून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. राणीच्या बागेतल्या कक्षात तापमान 16 ते 18 अंशांच्या आसपास ठेवतात ते मुंबईची उष्णता आणि दमट हवा दूर ठेवण्यासाठी, अंटार्क्टिका उभी करण्यासाठी नव्हे. आणल्यावर तीनच महिन्यांत, ऑक्टोबर 2016 मध्ये, एक मादी जंतुसंसर्गाने दगावली. 15 ऑगस्ट 2018 ला इथे जन्मलेलं पहिलं पिल्लूही आठवडाभरात गेलं. या मृत्यूंबद्दल लोकांनी प्रश्न विचारले ते रास्तच होते. पण त्यानंतर तिथल्या डॉक्टरांनी आणि रखवालदारांनी पक्षी जगवले, पिल्लं वाढवली. हे काम अवघड आहे आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता गणित.

आठांपैकी सात उरले: तीन नर, चार माद्या. पेंग्विन जोडीने राहतात, म्हणजे सुरुवातीला फार तर तीन जोड्या, सहा पक्षी. प्रत्येक पक्ष्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. सहा पक्ष्यांत मिळून बारा प्रती झाल्या. या बाराही प्रती एकमेकींपासून वेगळ्या आहेत, म्हणजे हे सहाही पक्षी एकमेकांचे नातलग नाहीत, असं आपण धरून चालू. ही सर्वांत उदार कल्पना आहे.

या तीन जोड्यांना पुष्कळ पिल्लं झाली. पिल्लांच्या सगळ्या प्रती एकत्र केल्या आणि त्यातल्या कुठल्याही दोन उचलल्या, तर त्या दोन्ही मूळच्या एकाच प्रतीच्या नकला असण्याची शक्यता किती? बारांत एक. जनुकांचं वैविध्य मोजतात ते अशा दोन प्रती वेगळ्या निघण्याच्या शक्यतेवरून. म्हणून जंगलातल्या वैविध्यापैकी या गटात जास्तीत जास्त 11/12, म्हणजे सुमारे 92 टक्के उरू शकतं. पिल्लं वीस होवोत की दोनशे, ही मर्यादा हलत नाही. ती पिल्लांच्या संख्येवर ठरतच नाही, मूळ पक्षी किती यावर ठरते. या मूळ पक्ष्यांना मी संस्थापक म्हणेन.

बरं, 92 टक्के हा आकडाही प्रत्येक जोडीला सारखी आणि भरपूर पिल्लं झाली तरच. आई आपल्या दोन प्रतींपैकी कुठली तरी एकच पिल्लाला देते. दुसरी प्रत त्या पिल्लाच्या वाट्याला येत नाही. एखाद्या पक्ष्याला आयुष्यात एकच पिल्लू झालं तर त्याची कोणतीही एक प्रत कायमची नाहीशी होण्याची शक्यता निम्मी असते. दोन पिल्लं झाली तर पाव, तीन झाली तर एक अष्टमांश, पाच झाली तर 1/32. म्हणजे प्रत्येक संस्थापकाला पाच-सहा पिल्लं होणं ही वंशवैविध्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. याउलट एकाच जोडीला शंभर पिल्लं झाली आणि बाकीच्या दोन जोड्या रिकाम्या राहिल्या, तर उरणारं वैविध्य 75 टक्क्यांच्या जवळ येऊन थांबतं. सख्ख्या भावंडांतून एकेक प्रत उचलली तर ती एकाच मूळ प्रतीची असण्याची शक्यता 1/4 असते, हे त्यामागचं कारण. शेतकरी पुढच्या हंगामासाठी बी धरतो तेव्हा एकाच टपोऱ्या कणसाचं धरत नाही, रानभर फिरून निवडतो. त्या एका कणसात दाणे हजार असतील, पण सगळे एकाच ताटाचे.

आणि हे झालं पहिल्या पिढीपुरतं. या पिल्लांनी पुढे आपसातच जोड्या जमवल्या की दर पिढीला आणखी गळती होते. त्या गळतीचा दर 1/(2N) असतो. हा N म्हणजे डोकी मोजून आलेली संख्या नव्हे, प्रभावी संख्या, म्हणजे पुढच्या पिढीला मिळणारा वाटा लक्षात घेऊन काढलेली संख्या. नर आणि माद्या असमान असतील तर ती अशी काढतात: नरांच्या आणि माद्यांच्या संख्येचा गुणाकार करायचा, त्याला चारने गुणायचं आणि एकूण संख्येने भागायचं. एक नर आणि एकोणीस माद्या असलेला वीस जनावरांचा कळप घ्या: 4 × 1 × 19 भागिले 20, उत्तर 3.8. पिंजऱ्यात वीस दिसतात, वंशशास्त्राला चारही दिसत नाहीत! प्रभावी संख्या सहा असेल तर दर पिढीला बारावा हिस्सा जातो आणि दहा पिढ्यांत मूळ वैविध्यापैकी जेमतेम 42 टक्के हाती राहतं. तीच संख्या 50 असेल तर दहा पिढ्यांनंतरही 90 टक्के टिकतं. जगातले प्राणिसंग्रहालयवाले शंभर वर्षांत 90 टक्के वैविध्य टिकवण्याचं उद्दिष्ट ठेवतात, ते याच हिशेबातून आलेलं आहे.

हे वैविध्य गेलं तर बिघडतं काय? प्रत्येक प्राण्याच्या अंगात काही सदोष जनुकं दडलेली असतात. जोडीची दुसरी प्रत धडधाकट असेपर्यंत ती त्रास देत नाहीत. नातलगांत संकर झाला की दोन सदोष प्रती एकत्र येतात: अंडी उबत नाहीत, पिल्लं दगावतात, रोगाला तोंड देण्याची ताकद घटते. म्हणून गंभीरपणे काम करणाऱ्या ठिकाणी वंशावळीची नोंदवही ठेवतात आणि ज्याचे नातलग गटात सर्वांत कमी आहेत, त्या प्राण्याला जोडीसाठी पहिली पसंती देतात. युरोपातल्या रानगव्याची, म्हणजे तिथल्या बायसनची, अशी नोंदवही 1932 साली प्रसिद्ध झाली. आज तिथल्या जंगलांत फिरणारे सगळे रानगवे अवघ्या बारा संस्थापकांचे वंशज आहेत. अमेरिकेतला काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी सात संस्थापकांवर तगला आहे. त्याचं वैविध्य वाढावं म्हणून 1988 मध्ये मेलेल्या एका मादीच्या गोठवलेल्या पेशींपासून डिसेंबर 2020 मध्ये क्लोन जन्माला घातला गेला. एका वंशाची किंमत तिथल्या शास्त्रज्ञांना इतकी कळली आहे.

आपल्याकडे मात्र प्राणिसंग्रहालयांच्या जाहिरातीत अजून पांढरा वाघ मिरवतो, 'दुर्मीळ प्रजाती' म्हणून. ती प्रजाती नाहीच. तो आपलाच पट्टेरी वाघ आहे, त्याच्या एका जनुकात झालेल्या एका छोट्या बदलामुळे पिवळा रंग तयार होत नाही. तो बदल कोणता हे 2013 मध्ये शोधलं गेलं. 1951 साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या वाघाचा संकर त्याच्याच मुलीशी केला, तेव्हा पांढरे बछडे झाले आणि पुढे हेच चालू राहिलं. पांढऱ्या वाघांत तिरळेपणा पुष्कळदा आढळतो. रंगद्रव्याच्या अभावामुळे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची जोडणी चुकते, म्हणून. काही लोक या वाघाला दैवी मानतात, काही शुभशकुनी. त्याला पाहून जंगलातला एकही वाघ वाचत नाही, उलट रंगासाठी नातलगांत संकर करत राहिल्याने पिंजऱ्यातले वाघ रोगट होतात.

मग राणीच्या बागेतल्या पेंग्विनबद्दल काय म्हणायचं? त्यांना जगवणं ही पशुवैद्यकातली कमाई आहे. तिला संवर्धन म्हणायचं तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. एक, हे पक्षी एखाद्या मोठ्या, आंतरराष्ट्रीय वंशावळीत नोंदलेले आहेत आणि त्यांची देवघेव त्या हिशेबाने होते. दोन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर या कक्षामुळे काही बदललं. हम्बोल्ट पेंग्विनचं संकट तिथे आहे. एल निनोच्या वर्षी पाणी तापतं, मासे खोल जातात आणि वसाहतीच्या वसाहती उपाशी पडतात. 1982–83 आणि 1997–98 मध्ये हे घडलं. मासेमारीच्या जाळ्यांत पक्षी अडकतात. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या ज्या थरात ते घरटी पोखरतात, तो थर खत म्हणून खणून नेला गेला. अमेरिकेतल्या सेंट लुईसचं प्राणिसंग्रहालय पेरूतल्या पुंता सान ह्वान या ठिकाणी त्यांच्या वसाहतींसाठी प्रत्यक्ष काम करतं. तिथल्या प्रेक्षकाला 'तुमचं तिकीट संवर्धनाला लागतं' असं सांगितलं तर त्यात तथ्य आहे.

तुलनेसाठी मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं काम बघा. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे भारतातली गिधाडं जवळजवळ संपली. ते औषध टोचलेल्या गुरांचं मढं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. हरियाणात पिंजोरला सोसायटीने वन विभागाबरोबर प्रजनन केंद्र उभारलं. एका केंद्रात प्रत्येक जातीच्या 25 जोड्या असाव्यात असं ठरवलं गेलं. आपलं गणित लावा: 50 पक्षी, 100 प्रती, म्हणजे 99 टक्के. जोडीला औषधावर बंदीही आणली गेली, 2006 मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅक वापरायला मनाई झाली. कारण दूर झाल्याशिवाय पक्षी सोडून उपयोग नसतो. जानेवारी 2024 मध्ये पिंजोरची गिधाडं आपल्या ताडोब्यात आणि पेंचमध्ये आली.

पिंजोरचं ते केंद्र प्रेक्षकांसाठी खुलं नाही, हे मुद्दाम सांगतो. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि गर्दीने बिचकली तर तेही जातं. त्यामुळे 'लोकांना आत सोडत नाहीत' ही तक्रार प्रत्येक ठिकाणी सारखी लागू होत नाही. ज्याला खरोखर प्रजनन करायचं आहे त्याने दार बंद ठेवलं तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण प्रेक्षकांसाठी उभारलेल्या बागेचं दार महाग करणं ही वेगळी गोष्ट आहे.

राणीच्या बागेत पूर्वी पाच रुपयांत मोठा माणूस आत जात असे. पेंग्विन आल्यावर 2017 मध्ये तिकीट 50 रुपये झालं, आई-बाप आणि दोन मुलांच्या कुटुंबाला 100. दहापट वाढ. लालबाग, भायखळा, नागपाड्याच्या दाट वस्तीला लागून असलेली ही जुनी वनस्पती-बाग, तिथले शतकभराचे वृक्ष, सावलीतली बाकं, हे सगळं त्या तिकिटाच्या आत गेलं. त्या वेळी नागरिकांनी आवाज उठवला. मला त्यांचं म्हणणं विज्ञानाच्या बाजूनेही पटतं. संवर्धनाच्या दाव्याला जोडून नेहमी दुसरा दावा येतो, तो लोकशिक्षणाचा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आलेल्या सुमारे 2800 शाळकरी मुलांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. भेटीआधी आणि भेटीनंतर मुलांकडून चित्रं काढून घेतली होती. शिकवणारा माणूस सोबत होता त्या मुलांपैकी 41 टक्के मुलांच्या समजुतीत सुधारणा दिसली, नुसत्या फिरून गेलेल्यांत 34 टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांत दोन्हीकडे सुधारणा दिसली नाही. काचेसमोर उभं केल्याने शिक्षण आपोआप होत नाही. त्यासाठी समजावून सांगणारी माणसं नेमावी लागतात आणि ज्यांना सांगायचं त्यांना आत यायला परवडावं लागतं.

राणीची बाग मुंबई महापालिकेची आहे, म्हणून माहितीच्या अधिकारात कुणालाही अर्ज करता येतो. विचारण्यासारखं बरंच आहे: सोलहून आलेल्या पक्ष्यांचे आई-बाप कोण, ते आपसात नातलग होते का? आजवर कुठल्या जोडीला किती पिल्लं झाली आणि किती जगली? इथे जन्मलेल्यांच्या जोड्या कशा ठरवतात? दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून नवा वंश आणायची योजना आहे का, की भावंडांच्याच जोड्या लागतायत? तिकिटाच्या उत्पन्नातून पेरू किंवा चिलीच्या किनाऱ्यावर काही रक्कम गेली का? आणि पेंग्विन कक्षात मुलांशी बोलायला किती प्रशिक्षित माणसं नेमली आहेत? मिळणारी उत्तरं पेंग्विनच्या काचेशेजारी मराठीत, मोठ्या अक्षरांत लावायला एक फलक पुरेल.