मुंबईची गर्दी गेली कुठे?

मुंबई शहराची लोकसंख्या घटते आहे, असं दादरच्या पुलावर उभं राहून सांगितलं तर कुणाला पटणार नाही. पण कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या शहर जिल्ह्यात 2001 मध्ये 33.38 लाख लोक राहत होते, 2011 मध्ये 30.85 लाख. 1971 मध्येही आकडा 31 लाखांच्याच आसपास होता. त्याच 2001 ते 2011 या काळात अविभाजित ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला.

अर्थतज्ज्ञ कॉलिन क्लार्क यांनी 1951 मध्ये अनेक शहरांचे आकडे तपासून दाखवलं होतं, की केंद्रापासून लांब जावं तशी वस्तीची घनता उतरत जाते, आणि प्रवास सोपा झाला की हा उतार सपाट होत जातो. मुंबईत तो सपाट कसा झाला, हे लालबाग-परळच्या चाळीत दिसतं. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसं. पलंगावर आजोबा, पलंगाखाली नातवंडं, थोरला मुलगा गॅलरीत. त्याचं लग्न ठरलं की जागेचा प्रश्न उभा. परळला परवडत नाही, म्हणून डोंबिवली, नाहीतर नालासोपारा. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, तरी माणसं त्या प्रमाणात वाढत नाहीत. माणशी जागा वाढते. त्यात 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि कामाच्या जवळ राहण्याचं कारणच संपलं.

घर किती लांब, हे इथे मिनिटांत सांगतात. म्हणूनच वस्ती रुळांच्या कडेने पसरली: पश्चिमेला विरारपर्यंत, 2013 पासून लोकल थेट डहाणूपर्यंत, मध्य रेल्वेवर कल्याणहून एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. स्टेशनजवळची जमीन आधी भरते. शेअर रिक्षा सुरू झाली की आतली गावं. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी 1970 मध्येच स्थापन झाली, पण लोकल वाशीला पोचली 1992 मध्ये. मधली वीस-बावीस वर्षं तिथे राहायला गेलेल्यांनी एसटी-बेस्टच्या रांगांमध्ये काढली. आधी रेल्वे, मग घरं, हाच क्रम हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

याहून जास्त काळजी पाण्याची वाटते. स्वस्त जमीन बहुधा सखल असते: खाजण, मिठागर, नदीकाठ. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारभर प्रवाशांची सुटका करावी लागली. त्याच नदीच्या काठाने नवी संकुलं उभी राहत आहेत, आणि त्यांत आयुष्यभराची कमाई घालणारे बहुतेक जण मुंबईत जागा न परवडलेले आहेत. फ्लॅट बुक करण्याआधी पूररेषेचा नकाशा जरूर पाहावा.

2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे नियोजन अजून 2011 च्या आकड्यांवर चालतं. नवे आकडे आले की तुलना करताना ठाण्यात पालघर मिळवायला हवं. 2014 मध्ये तो वेगळा जिल्हा झाला.