जीएम अन्न आणि आपल्या घरातील तेल : ग्राहकांसाठी माहिती

सप्रेम नमस्कार.

आमच्या लाकडी घाण्यावर येणारे अनेक ग्राहक अलीकडे ‘तुमचे तेल नॉन-जीएम आहे ना?’ असे आवर्जून विचारतात. गर्दीच्या वेळी या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होणे आम्हाला योग्य वाटत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे.

जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेले पीक. बीटी कापसाच्या झाडात मातीतील एका जिवाणूचे जनुक प्रयोगशाळेत घातलेले असते आणि त्यामुळे बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन ते झाड स्वतःच तयार करते. संकरित वाणाचे तसे नसते. तेथे एकाच पिकाच्या दोन जातींचा संकर करून बी धरतात. म्हणून संकरित टोमॅटो किंवा बिनबियांची द्राक्षे जीएम असतात, हा समज चुकीचा आहे. फळावरील चिकटपट्टीचा आकडा 8 पासून सुरू झाला की ते फळ जीएम, असा संदेश मोबाइलवर वारंवार फिरतो; त्यावरही विसंबू नये, कारण तसे आकडे बाजारात प्रत्यक्ष वापरले गेलेच नाहीत.

भारतातील शेतकरी कायदेशीरपणे व्यापारी लागवड करतो असे जीएम पीक एकच, ते म्हणजे कापूस. त्याला मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली. बीटी वांग्याला केंद्र सरकारने फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती दिली. जीएम मोहरीची शिफारस 2022 मध्ये झाली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै 2024 मध्ये तेथील दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली. त्यामुळे मंडईतील वांगी, ज्वारी, तूरडाळ यांविषयी धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

जीएम पीक आपल्या स्वयंपाकघरात येते ते मुख्यतः तेलाच्या वाटेने, आणि नेमके तेथेच आपले लक्ष नसते. सरकी म्हणजे कापसाचेच बी, आणि देशातील कापसाचे 90 टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आहे. तेव्हा सरकीचे तेल, आणि त्यात तळलेले फरसाणही, बहुतांशी जीएम पिकातूनच आलेले असते. आपल्या महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात पिकणारे सोयाबीन जीएम नाही, परंतु अर्जेंटिना व ब्राझीलमधून मोठ्या प्रमाणावर आयात होणारे सोयाबीन तेल जवळजवळ सर्व जीएम पिकाचे असते. कॅनडातून येणाऱ्या कॅनोला तेलाचेही तेच.

म्हणून ही तेले अपायकारक आहेत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. घातलेले जनुक आणि त्यापासून बनणारे प्रथिन पेंडीत राहते; रिफाइंड तेलात ते जवळपास उरतच नाही. बाजारात असलेल्या जीएम अन्नांच्या सुरक्षा चाचण्या झालेल्या आहेत आणि त्यांपासून मानवी आरोग्याला धोका संभवत नाही, मात्र प्रत्येक नव्या पिकाची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. ज्यांना बियाण्यावरील कंपन्यांची पकड किंवा शेतीवरील परिणाम यांमुळे जीएम नको वाटते, त्यांचा विचारही आम्ही गंभीरपणे घेतो. गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाल्यावर 2017 मध्ये विदर्भातील कापूस उत्पादकांचे किती नुकसान झाले, हे सर्वांनी पाहिले आहे. निवड आपली आहे, पण ती माहितीच्या आधारे व्हावी एवढीच आमची कळकळ आहे.

जीएम अन्नाच्या पाकिटावर दर्शनी भागात वरच्या बाजूला ‘जीएम’ ही अक्षरे छापावीत, असा नियम जानेवारी 2013 पासून आहे. तरीही सरकीच्या तेलावर ती आमच्या पाहण्यात आलेली नाहीत. यासाठी मागील बाजूचे घटक वाचावेत. ‘खाद्य वनस्पती तेल’ या शब्दांपुढे बहुधा सरकी, पाम, सोयाबीन असे नाव दिलेले असते, आणि ब्लेंडेड तेलावर तर दोन्ही तेलांची नावे व टक्केवारी देणे बंधनकारकच आहे.

आता आमच्याविषयी. आम्ही शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरे एवढेच गाळतो. यांपैकी कोणत्याही पिकाचे जीएम वाण भारतात लावले जात नाही. भुईमूग आणि तीळ यांचे तर जगात कोठेही व्यापारी प्रमाणावर नाही. तरीसुद्धा आमच्या बाटलीवर ‘नॉन-जीएम’ असे आम्ही छापत नाही, कारण शुद्ध शेंगदाणा तेल कोणाचेही असो, ते नॉन-जीएमच असते, आणि त्या दोन शब्दांसाठी ग्राहकाकडून जादा पैसे घेणे आम्हाला मान्य नाही. आमच्या तेलाचा दर जास्त आहे तो एका लिटरला सुमारे अडीच किलो शेंगदाणे लागतात म्हणून.

जनावरांसाठी पेंड नेणारे काही ग्राहक सरकी पेंडीविषयीही विचारतात. गाई-म्हशींच्या पोटात बीटी प्रथिनाचे इतर प्रथिनांप्रमाणेच पचन होते, त्यामुळे अशी पेंड खाणाऱ्या जनावराच्या दुधाला जीएम म्हणता येत नाही.

घरातील एखाद्या पाकिटावरील मजकूर समजत नसल्यास ते पाकीट घाण्यावर घेऊन यावे. आम्ही तो आपल्याबरोबर वाचून समजावून देऊ, मग ते तेल आमच्याकडचे नसले तरी चालेल.